पहिल्या ओळीतली खोली की रस्त्यापलीकडची? उष्ण कटिबंधातल्या बेटावर छोटं हॉटेल निवडताना

बुकिंगच्या पानावर एकाच किनाऱ्यावरची दोन छोटी हॉटेलं दिसतात. पहिल्याच्या पडवीतून पायरी उतरली की पाय थेट वाळूत. दुसरं रस्त्यापलीकडे, अडीच-तीनशे मीटर आत, नारळीच्या सावलीत. खोल्या दोन्हीकडे दहा-पंधरा, पलंग तसेच, पंखे तसेच. दरात मात्र चांगलाच फरक. हा फरक मोजावा का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो फोटो बघून सुटत नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. वाळूवरच्या खोलीचे जादा पैसे वसूल व्हायचे असतील, तर तुमच्या मुक्कामाच्या तारखांना, तुम्ही जागे असता त्या तासांत, समोर पुरेसं पाणी हवं आणि ते पोहण्याइतकं शांत हवं. पाणी किती असेल ते भरती-ओहोटीवर ठरतं, शांत असेल का ते वाऱ्यावर. तारीख आणि नकाशा हाताशी असला की दोन्ही गोष्टी घरबसल्या कळतात. त्या जुळत नसतील तर बिनधास्त आतलं हॉटेल घ्यावं.

पुढे 'वाळूवरचं' म्हणजे खोली आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता नसलेलं, आणि 'आतलं' म्हणजे चालत पाच मिनिटांत समुद्र गाठता येईल असं. जाहिरातीतले शब्द याहून सैल असतात. 'बीचफ्रंट' म्हणजे हॉटेलची जमीन किनाऱ्याला लागून आहे. तुमची खोली लागून असेलच असं नाही. 'सी व्ह्यू' म्हणजे खिडकीतून समुद्र दिसतो, मग तो कितीही लांबून दिसो. 'बीच अ‍ॅक्सेस' म्हणजे किनाऱ्यावर जायला वाट आहे, एवढंच. म्हणून तुलना हॉटेलशी हॉटेलची करू नका, खोलीशी खोलीची करा. वाळूवरच्या हॉटेलातली मागच्या रांगेतली, स्वयंपाकघराकडे तोंड असलेली खोली व्यवहारात आतलीच खोली असते, आणि तिला वाळूवरचा दर देण्यात अर्थ नाही.

समोर पाणी कधी असेल

हॉटेलचे फोटो जवळजवळ नेहमी भरतीच्या वेळी काढलेले असतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हिंदी महासागरातल्या बहुतेक बेटांना हे गणित लागू पडतं. थायलंडच्या आखातात आणि कॅरिबियनच्या काही भागांत मात्र दिवसातून एकच भरती येते, तेव्हा तिथलं वेळापत्रक वेगळं बघावं.

मॉरिशसला पाण्याची पातळी जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरने बदलते, मालदीवमध्ये मीटरभर, अंदमानात उधाणाला दोन मीटरच्या आसपास आणि झांझिबारला चार मीटरच्या घरात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, तळाचा उतारही बघा. तळ १०० मीटरला १ मीटर या बेताने खाली जात असेल, तर दोन मीटर पाणी उतरल्यावर समुद्र २०० मीटर मागे गेलेला असतो. प्रवाळाच्या सपाट पठारावर तो याहूनही लांब जातो. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानीला, उधाणाच्या ओहोटीत कित्येकशे मीटर ओली वाळू, समुद्रगवत आणि साचलेली डबकी उरतात. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, नुंगवी आणि केंडवाला, तळ लवकर खोल होतो, म्हणून तिथे दिवसभर पोहता येतं.

अंदमानातल्या हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, हाच प्रकार आहे. छोटी हॉटेलं मुख्यतः पूर्वेला, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यावर ओळीने आहेत, आणि तिथे ओहोटीला खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. पोहायला उत्तम असा रुंद राधानगर किनारा बेटाच्या पश्चिम अंगाला. म्हणजे पूर्वेकडे वाळूवर खोली घेऊनही पोहण्यासाठी स्कूटर किंवा रिक्षा करावीच लागते. तिथे वाळूवरच्या खोलीतून सूर्योदय आणि भरतीचे दोन-चार तास मिळतात. ते हवे असतील तर खोली जरूर घ्या, पण दिवसभराचं पोहणं त्यात धरू नका.

तारखा हातात असतील तर हिशेब सोपा आहे. एकाच ठिकाणी प्रत्येक अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती घड्याळात जवळपास त्याच वेळी येते. सात दिवसांत ती सुमारे सहा तास सरकते. म्हणजे एखाद्या किनाऱ्यावर पौर्णिमेला दुपारी बाराला पूर्ण ओहोटी असेल, तर अष्टमीच्या सुमाराला बाराला भरती असणार, आणि तीही भांगाची, मध्यम उंचीची. आता त्या ठिकाणचं भरतीचं कोष्टक उघडा, मुक्कामाचा एकेक दिवस घ्या, आणि सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या दहा तासांतून ओहोटीच्या आधीचे दोन व नंतरचे दोन तास वजा करा. फारच सपाट किनारा असेल तर तीन-तीन करा. ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सव्वासहाला असेल, तर सकाळी ८ ते दुपारी सव्वाचार असे सलग सव्वाआठ तास मिळतात. ओहोटी भर बाराला असेल, तर सकाळचे दोन आणि दुपारचे चार, तेही तुटक. चार रात्रींच्या मुक्कामात हा फरक सगळं चित्र बदलतो. आठ-दहा रात्रींच्या मुक्कामात चांगले आणि वाईट दिवस आपसूक वाटले जातात.

आतल्या हॉटेललाही ओहोटी तीच आहे, हे खरं. पण तिथला पाहुणा तिच्यासाठी जादा दर देत नसतो. पाणी गेलेलं दिसलं की तो दुसऱ्या किनाऱ्यावर जातो, आणि वाचलेल्या पैशांत स्कूटर येते. उलट ओहोटीतली डबकी, त्यातले खेकडे, तारामासे, शंखातून बाहेर डोकावणारे संन्यासी खेकडे हेच ज्यांना बघायचं आहे, त्यांना वाळूवरची खोली सोन्यासारखी, कारण ओहोटी पहाटे असली की तो खेळ ऊन चढायच्या आत संपतो. जाताना जाड तळाचे रीफ शूज मात्र हवेतच. अर्चिनचा, म्हणजे तळाशी बसणाऱ्या गोल काटेरी समुद्री जीवाचा, काटा रबरी चपलेच्या कडेवरून सहज पायात शिरतो आणि त्वचेत तुटून राहतो. आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. वाट वाळूच्या पट्ट्यावरूनच काढा.

वाऱ्याकडचा किनारा आणि आडोशाचा

प्रत्येक बेटाला एक वाऱ्याची बाजू असते आणि एक आडोशाची, आणि बऱ्याच ठिकाणी मोसमाबरोबर त्या बदलतात. मॉरिशसला वारा आग्नेयेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर त्याचा जोर जास्त असतो. पूर्वेचे किनारे तेव्हा वारा खातात, पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक आडोशाला राहतो. बार्बाडोसच्या पूर्वेला बाथशीबाला अटलांटिकच्या मोठ्या लाटा थेट येऊन आदळतात, तिथे पोहू नये. पश्चिम किनारा मात्र शांत. फुकेटचे पश्चिमेकडचे किनारे मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यासमोर उघडे असतात आणि लाल झेंडे लागतात. त्याच थायलंडच्या पूर्वेकडच्या आखातातलं को समुई त्या महिन्यांत बरं असतं; तिथला मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सगळ्यांत ओला. 'थायलंडची बेटं जुलैत चालतात का' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेय वारा वाहतो. प्रालँ बेटाच्या ग्राँद आँस या किनाऱ्यावर तेव्हा समुद्रगवताचे ढीग येऊन पडतात, आणि डोंगरापलीकडचा कोत दोर आडोशाला असतो. दोन्ही किनाऱ्यांमधलं अंतर फार नाही, पण वाळूवर खोली घेतलेल्या माणसाला ते रोज कापावं लागतं. कॅरिबियनला जाणाऱ्यांनी सार्गासमचा विचार वेगळा करावा. हे तरंगतं तपकिरी शैवाल २०११ पासून तिथल्या अनेक किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊ लागलं, वसंत ते उन्हाळा हा त्याचा मुख्य काळ. किनाऱ्यावर कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो: कुजक्या अंड्याचा वास, डोळ्यांची आग, आणि धातूवर काळे डाग. पहिल्या ओळीतल्या खोलीत हा वास रात्रभर असतो. तीनशे मीटर आत तो बराच विरळ होतो. त्या महिन्यांत अटलांटिककडे तोंड असलेली वाळूवरची खोली आम्ही कुणालाही सुचवणार नाही.

नकाशावर हे असं तपासा. उपग्रहाचं चित्र उघडा, हॉटेलवर या, आणि पाण्याचा रंग बघा. किनाऱ्याला समांतर पांढरी रेघ दूरवर दिसत असेल तर तिथे प्रवाळाची भिंत आहे; लाटा तिथे फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. पांढरी रेघ वाळूलाच चिकटलेली असेल तर लाटा थेट किनाऱ्यावर फुटतात. फिका निळा पट्टा म्हणजे वाळूचा तळ, गडद ठिपके म्हणजे समुद्रगवत किंवा प्रवाळ. मग जुनी चित्रं तारखेनुसार उघडा आणि तुमच्या महिन्यातली दोन-तीन शोधा. लोकांचे अभिप्रायही त्याच महिन्यातले वाचा. फेब्रुवारीतलं कौतुक ऑगस्टमध्ये उपयोगाचं नाही.

वाळू उरली आहे का

किनारा एका जागी बसून नसतो. मालदीवच्या छोट्या बेटांवर मोसम बदलला की वाळू बेटाभोवती सरकते आणि वाऱ्याच्या आडोशाला जाऊन साचते. सहा महिन्यांपूर्वी वीस मीटर रुंद असलेला पट्टा तुमच्या तारखेला पाच मीटर असू शकतो, आणि पुन्हा भरूनही येतो. ही चिंतेची बाब नाही, फक्त विचारून घ्यायची आहे.

चिंतेची बाब आहे ती भिंत. धूप थांबवायला हॉटेलं दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधतात. लाट उताराच्या वाळूवर चढते तेव्हा दमते. उभ्या भिंतीवर आदळते तेव्हा तशीच मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. काही वर्षांत भिंत उरते, वाळू जाते. फोटोत मुळं उघडी पडलेले माड, वाळूच्या पोत्यांची रांग, किंवा थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या तर भरतीला तिथे वाळू नसते. ओहोटीला पाणी नाही आणि भरतीला वाळू नाही, असा किनारा असेल तर पहिल्या ओळीचा दर देण्याचं काही कारण उरत नाही. हॉटेलला एकच नेमका प्रश्न पाठवा: 'पूर्ण भरतीला खोलीसमोर किती पावलं कोरडी वाळू राहते?' नीट चालवलेलं छोटं हॉटेल याचं सरळ उत्तर देतं.

मीठ, हवा, पाणी

खोलीत राहण्याचा खरा फरक इथे आहे, आणि तुलना करताना बहुतेकजण नेमका हाच भाग सोडतात.

लाट फुटते तेव्हा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. ते बहुतांशी पहिल्या काहीशे मीटरमध्ये खाली बसतात, झाडांची रांग मध्ये असेल तर त्याहून लवकर. वाळूवरच्या खोलीत ते आरशावर, चादरीवर, चष्म्यावर आणि एसीच्या बाहेरच्या यंत्रावर बसतात. एसीच्या त्या यंत्रात तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना लागून असतात. मीठ आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं, पत्रे भुग्यासारखे गळतात आणि उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जाते. एसी चालू असतो, आवाज करतो, पण खोली थंड होत नाही. वाळूवरच्या हॉटेलांबद्दल 'एसी कमजोर' ही तक्रार इतकी येते ती यामुळे. चांगली हॉटेलं हे यंत्र इमारतीच्या मागच्या अंगाला बसवतात आणि गोड्या पाण्याने नियमित धुतात. एसी कधी बसवला, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

मिठाची दुसरी करामत कपड्यांत दिसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि या बेटांवर रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. पोहून आल्यावर तसाच वाळत घातलेला कपडा दुपारी कोरडा लागतो, रात्री पुन्हा ओलसर आणि चिकट होतो, सकाळी अंगात घालवत नाही. बादलीभर गोड्या पाण्यातून एकदा काढून पिळला की हा त्रास संपतो. फोनच्या चार्जिंगच्या छिद्रातही हेच घडतं: मिठाचा पातळ थर, वर रात्रीची ओल, आणि त्यात वायर खोचली की टोकं गंजतात. वाळूवर राहणार असाल तर फोन झाकणाच्या डब्यात ठेवा आणि छिद्र कोरडं असल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर भिंगावर दव धरतं. तो पिशवीत बंद करून अर्धा तास पडवीत ठेवा, मग उघडा.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. समुद्रासमोरच्या खिडकीतून रात्रभर गार वारा येईल असं वाटतं. डोंगराळ किंवा मोठ्या बेटावर दिवसा वारा समुद्राकडून येतो, उशिरा सकाळी सुरू होतो आणि दुपारनंतर जोर धरतो. संध्याकाळी तो पडतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. अशा ठिकाणी समोर भलीमोठी काच आणि मागे बंद भिंत असलेली खोली रात्री कोंदटते. मागच्या बाजूलाही उघडणारी, जाळी लावलेली खिडकी हवी. सपाट, चिमुकल्या प्रवाळ बेटांवर हा दिवस-रात्रीचा फेरा जाणवत नाही; तिथे मोसमी किंवा व्यापारी (ठरावीक दिशेने सतत वाहणारा) वारा ज्या दिशेने येतो, त्या अंगाची खोली गार. आतल्या हॉटेलात झाडांमुळे दिवसाही वारा अडतो, पण सावली दाट असते. भिंती दुपारभर तापत नाहीत, आणि साधा छताचा पंखा रात्री पुरतो. पश्चिमेकडे तोंड असलेली वाळूवरची खोली मात्र सूर्यास्त देते आणि त्याबरोबर दुपारी तीनपासूनचं तिरपं ऊनही. तिथे पडवीचं छप्पर निदान दोन मीटर पुढे आलेलं आहे का, ते फोटोत बघा.

पाण्यात आतलं हॉटेल बहुधा जिंकतं. छोट्या बेटावर पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं: मध्यभागी जाड, कडेला पातळ. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या सुमारे ४० पट जाडी खाली असते. बेटाच्या मध्यावर पाणी ३० सेंटीमीटर वर असेल तर खाली १२ मीटरचा साठा. किनाऱ्याजवळ ५ सेंटीमीटर असेल तर जेमतेम २ मीटर. एवढ्या पातळ थरातून पंपाने जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. मग साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. वाळूवरच्या हॉटेलने पावसाचं पाणी साठवलेलं असेल, टँकर आणत असतील किंवा समुद्राचं पाणी गोडं करण्याचं यंत्र बसवलेलं असेल, तर प्रश्न मिटतो. आंघोळीचं पाणी कुठून येतं, हे नि:संकोच विचारा.

सांडपाण्याचीही तीच गत. उधाणाच्या भरतीला किनाऱ्याजवळ जमिनीखालचं पाणीही वर चढतं, शोषखड्डा पाणी जिरवेनासा होतो, आणि बाथरूमच्या जाळीतून वास येऊ लागतो. दोन-तीन दिवस वास, मग आपोआप बंद, अशी तक्रार अभिप्रायांत दिसली तर तारीख पंचांगाशी ताडून बघा. बहुतेकदा अमावास्या किंवा पौर्णिमा निघते. वीज दोन्हीकडे सारखीच जाते. जनरेटर आहे का, यापेक्षा त्यावर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे विचारणं कामाचं.

डास, वाळूमाश्या, आवाज

वाऱ्याच्या किनाऱ्यावर डास कमी, पण वाऱ्याच्या आडोशाला, खारफुटीजवळ किंवा कुजत्या गवताजवळ वाळूमाश्या असतात. त्या डासाहून कितीतरी लहान, चावा पहाटे आणि तिन्हीसांजेला, खाज चार-पाच दिवस. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून त्या आत शिरतात. उडण्यात मात्र दुबळ्या, म्हणून जोरात फिरणारा पंखा हाच सर्वांत चांगला उपाय. आतल्या हॉटेलात त्या क्वचित, पण कुंड्यांच्या ताटल्या, टाकी आणि नारळाच्या करवंट्या यांत साचलेल्या पाण्यात एडिस डास वाढतो, आणि तो दिवसा चावतो. डेंग्यू त्याच्यामुळे. २०–३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकॅरिडिन असलेलं, डास-माश्यांना दूर ठेवणारं मलम दोन्हीकडे लागेल; आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे.

लाटांचा आवाज पहिल्या रात्री बहुतेकांना जागं ठेवतो, दुसऱ्या रात्रीपासून सवय होते. शेजारचा बीच बार, पहाटे पाचला सुटणाऱ्या होड्यांची इंजिनं आणि पडवीसमोरून जाणारी-येणारी माणसं यांची सवय होत नाही. तळमजल्याची पहिल्या ओळीतली खोली दिवसभर पडदा ओढून ठेवावी लागेल अशी नाही ना, ते बघा. वरच्या मजल्यावर एकांत जास्त आणि वारा बरा.

पोहणं आणि पळण्याची वाट

छोट्या हॉटेलात सहसा जीवरक्षक नसतो. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर, लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. झेंडाच नसेल तर पाणी सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. प्रवाळाच्या भिंतीआड शांत पाणी असतं तिथेही ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी भिंतीतल्या खिंडीतून जोरात बाहेर जातं. खिंडीजवळ स्नॉर्केलिंग भरती चढत असताना किंवा पाणी थांबलेलं असतानाच करावं. उघड्या किनाऱ्यावर, जसं सेशेल्समधल्याच ला दीग बेटाचं ग्राँद आँस, लाटांमधला गुळगुळीत, न फुटणारा पट्टा दिसतो आणि तिथेच उतरावंसं वाटतं. तोच रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जोर ओसरला की आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या भूकंपानंतर त्सुनामी निकोबारला काही मिनिटांत पोहोचली, मालदीवला तीन तासांहून अधिक वेळाने. वाळूवर राहणाऱ्याने म्हणून पहिल्याच संध्याकाळी उंचवट्याची वाट चालून बघावी. आतल्या हॉटेलातल्यांचा तो वेळ थोडा वाचतो. जमीन जोरात किंवा मिनिटभर हलली, किंवा पाणी अचानक मागे ओढलं गेलं, तर इशाऱ्याची वाट बघू नका. सपाट बेटावर उंचवटा नसतोच. मजबूत काँक्रीट इमारतीचा वरचा मजला गाठा. पहिल्या लाटेनंतर परत खाली येऊ नका, पुढच्या लाटा तासन्‌तास येत राहतात.

कुणी काय घ्यावं

दोन-तीन रात्री असतील, भरतीचं कोष्टक अनुकूल असेल आणि किनारा आडोशाचा असेल, तर वाळूवरचं घ्या. पहाटेचा चहा पायाखालच्या वाळूवर आणि रात्री जेवण झाल्यावर पंधरा पावलांवर काळोखातला समुद्र, हे आतल्या हॉटेलातून मिळत नाही. तिथे भाडं त्याचंच द्यायचं असतं. आठवड्याच्या वर राहणाऱ्यांनी, खोलीत बसून काम करणाऱ्यांनी आणि रोज होडीने डायव्हिंगला जाणाऱ्यांनी आतलं घ्यावं. डायव्हर सकाळी सातला निघून दुपारी परततो, समोरच्या समुद्राचे उत्तम तास तो खोलीत नसतोच.

दोन-चार वर्षांच्या मुलांबरोबर आम्ही आतलं सुचवू. वाळूवरच्या खोलीचं दार उघडं राहिलं की मूल पाण्यापर्यंत अर्ध्या मिनिटात पोहोचतं, आणि मोठ्यांना क्षणभरही डोळा लावता येत नाही. सात-आठ वर्षांच्या, पोहता येणाऱ्या मुलांना उथळ, प्रवाळाच्या भिंतीआडचा किनारा असेल तर वाळूवरचं मस्त. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीनशे मीटर डांबरी रस्ता हा तीस मीटर मऊ वाळूपेक्षा सोपा असतो. बॅगेची चाकं वाळूत फिरत नाहीत, आणि जेवणघराकडे जायची वाट वाळूतूनच असेल तर दिवसातून सहा वेळा पाय रुतवत जावं लागतं. फरसबंद पायवाट आहे का, हे आधी विचारा.

कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर खोली मिळाली तर समुद्राकडचे दिवे बंद ठेवायची आणि पडदे ओढायची तयारी ठेवा. पिल्लं उजेडाकडे चालतात. पडवीतला पांढरा दिवा त्यांना समुद्राऐवजी हॉटेलकडे ओढतो.

निर्णय होतच नसेल तर मुक्काम वाटून घ्या: आधी आतल्या हॉटेलात तीन रात्री, मग वाळूवर दोन. पहिल्या दिवसांत किनाऱ्यावरून चालताना कोणत्या हॉटेलसमोर भरतीला वाळू राहते आणि कुठे बारचा आवाज आहे ते डोळ्यांनी दिसतं. गर्दीचा मोसम नसेल तर तिथल्या तिथे खोली बघून ठरवता येते. वाळूवरच्या दोन रात्री भरती दिवसाउजेडी येईल अशा निवडा. फक्त परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र विमानतळाच्या बेटावर ठेवा. समुद्र खवळला की बोटींच्या फेऱ्या रद्द होतात.

खोली ताब्यात घेताना सामान उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. एसी सर्वांत कमी तापमानावर लावा. शॉवर सोडा, थेंबभर पाणी जिभेवर घेऊन थुंका. खारटपणा लगेच कळतो. मच्छरदाणी उजेडासमोर धरून भोकं बघा. मागची खिडकी उघडते का, कड्या गंजून अडकल्या नाहीत ना, तिजोरीची किल्ली फिरते का, पडवीवर लोंबणारे नारळ उतरवलेत का, आणि चादर हाताला ओलसर लागते का. मग पुन्हा एसीसमोर हात धरा. हवा अजून कोमट असेल तर बॅग बंद असतानाच खोली बदलून मागा; कपडे कपाटात लागले की हॉटेलवाला दुरुस्तीचा माणूस उद्या येईल असं सांगतो, आणि पुढच्या बोटीने सुटा भाग येईपर्यंत तुमचा मुक्काम संपलेला असतो.